बर्फावरची शिकवणी

सक्करदऱ्यात उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांखाली पारा उतरला की लोक म्हणतात, आज जरा बरे वाटते. अशा वस्तीत बसून स्कीइंगच्या शिकवणीवर लिहायचे म्हणजे काहींना गंमत वाटेल. पण गेल्या दोन-तीन हिवाळ्यांपासून आमच्याकडे हाच प्रश्न वारंवार येतो आहे. छोटा ताजबागच्या बाजूची कुटुंबे, उमरेड रोडवरची कुटुंबे, मोमिनपुऱ्यातले त्यांचे नातेवाईक असे सगळे मिळून काश्मीरला जातात. आधी फक्त दल सरोवर आणि शिकारा होता. आता मुले मोबाइलवर बर्फावरून घसरणारी माणसे पाहतात आणि म्हणतात, अब्बू, आपणही शिकू या. मग अब्बू आम्हाला विचारतात, कोणाकडे शिकायचे, किती दिवस, आणि बायकांनी काय करायचे?

शेवटचा प्रश्न बहुतेक वेळा दबक्या आवाजात येतो. आम्हाला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडच्या कौटुंबिक सहलीत एक चित्र ठरलेले असते. मुलगे आणि त्यांचे वडील काहीतरी करत असतात. अम्मी, खाला, मोठी मुलगी बाजूला उभ्या असतात. हातात सगळ्यांच्या शाली, पाण्याच्या बाटल्या, खाऊची पिशवी आणि फोटो काढायचा फोन. गुलमर्गच्या बर्फात चार तास असे उभे राहणे सोपे नाही. स्की करणारा माणूस घामाघूम होतो, उभ्या असलेल्या माणसाचे पाय गोठतात. म्हणून शिकवणी निवडताना पैशांचा हिशेब करण्याआधी एक वेगळा हिशेब करा: या घरातली किती माणसे शिकणार आहेत? त्यात अम्मीचे नाव नसेल तर ती यादी पुन्हा लिहा.

आता गुलमर्गच का, ते सांगतो. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे 2,650 मीटर उंच आहे. आपले नागपूर जेमतेम 310 मीटर. 1927 मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी तिथे स्की क्लब काढला, तेव्हापासून त्या कुरणात लोक पायाला पट्ट्या बांधून घसरत आहेत. गावातल्या गोल्फच्या मैदानाजवळ अगदी मंद उताराची जागा आहे, आणि नवशिक्याला तीच हवी. जेवण हलाल मिळते, मशीद आहे, शिकवणारा उस्ताद जुहरची वेळ झाली की स्वतःच थांबतो. आपल्या कुटुंबांचे निम्मे प्रश्न तिथे विचारायच्या आधीच सुटतात.

तिथे पोहोचल्यावर मात्र 'स्की शिकवतो' असे म्हणणारी तीन प्रकारची माणसे भेटतात, आणि बाहेरून ती सारखीच दिसतात.

पहिला प्रकार टॅक्सीतून उतरताच भेटतो. हातात जुने बूट, खांद्यावर दोन पट्ट्या. तो म्हणतो, अर्ध्या तासात स्की करून देतो. तो तुम्हाला बूट घालेल, थोडे वर नेईल, काखेत धरून खाली ओढत आणेल, फोटो काढेल. मुले खूश होतील. यात वाईट काही नाही, पण ही शिकवणी नव्हे, ही फेरी आहे. स्लेजवर बसून ओढून घेण्यासारखीच. फेरी हवी असेल तर फेरी म्हणून घ्या आणि फेरीचाच भाव द्या. या माणसांवर आम्ही ओरडणार नाही. त्यांची कमाई बर्फाच्या दोन-तीन महिन्यांची असते आणि त्यातही बर्फ पडला तर. पण फेरीला शिकवणीचे पैसे देऊन, नंतर आपल्याला काहीच आले नाही म्हणून हळहळणारी कुटुंबे बरीच असतात.

दुसरा प्रकार म्हणजे दिवसाच्या किंवा तासांच्या हिशेबाने शिकवणारा प्रशिक्षक. यातले पुष्कळ जण टंगमर्ग आणि आजूबाजूच्या गावांतले. चालायला लागल्यावर लगेच पट्ट्यांवर उभे राहिलेले. फेब्रुवारी 2022 मध्ये बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकला भारताचा एकच खेळाडू गेला होता, तो आरिफ खान याच भागातला. त्याच्या वडिलांचे गुलमर्गमध्ये स्कीच्या सामानाचे दुकान होते आणि तो चार वर्षांचा असताना बर्फावर शिकू लागला. जायंट स्लॅलममध्ये तो 45वा आला. जगातल्या मोठ्या देशांच्या खेळाडूंशी तुलना केली तर हा क्रमांक लहान वाटेल, पण त्या शर्यतीत निम्म्याच्या आसपास स्पर्धकांना शेवटची रेषादेखील गाठता आली नव्हती. सांगायचा मुद्दा असा की या खोऱ्यात हुनर घराघरात आहे. प्रश्न हुनराचा नाही, शिकवण्याच्या सबुरीचा आहे. उत्तम स्की करणारा माणूस उत्तम शिकवेलच असे नाही. आपल्याकडे चांगले तिलावत करणारे सगळेच चांगले मक्तब चालवत नाहीत, तसेच हे.

तिसरा प्रकार संस्थेचा. गुलमर्गमध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे. ती साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या सरकारी प्रकल्पातून उभी राहिली. पहलगामची जवाहर गिर्यारोहण संस्था स्कीचे वर्ग घेते. मनालीची अटल बिहारी वाजपेयी संस्था सोलंगच्या उतारांवर शिकवते. उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगमचे वर्ग असतात. हे बहुतेक निवासी वर्ग. ठरलेल्या तारखेला तुकडी सुरू होते. राहणे, जेवण, सामान, उस्ताद सगळे एकाच शुल्कात, आणि सरकारी असल्यामुळे ते शुल्क खासगी हिशेबापेक्षा सहसा कमी पडते. सकाळी ठरलेल्या वेळी उठायचे, रांगेत उभे राहायचे, शेवटी परीक्षा द्यायची. कॉलेजात शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल, आणि खरोखर शिकायचे असेल, तर डोळे मिटून इकडे पाठवा. पण सहा वर्षांचे मूल, गुडघेदुखी असलेले अब्बू आणि घरचे सगळे मिळून पाच दिवसांची सुट्टी असेल, तर हा साचा कुटुंबाला बसत नाही. त्यांच्यासाठी दुसरा प्रकार बरा, फक्त माणूस पारखून घ्यावा लागतो.

पारखायचे कसे? आमच्या मते एकच प्रश्न पुरे: पहिल्या तासात तुम्ही काय कराल?

चांगला उस्ताद या प्रश्नाला कंटाळवाणे उत्तर देतो. तो म्हणेल, आधी बूट नीट बसतात का ते पाहू. मग सपाट जागेवर एकाच पायाला पट्टी लावून चालायला लावेन. मग दुसऱ्या पायाला. मग पडायला शिकवेन. होय, पडायला. बाजूला, कमरेवर, हात आवरून. त्यानंतर उठायला, आणि उठणे हे पडण्यापेक्षा अवघड असते: पट्ट्या उताराला आडव्या करायच्या, मग बाजूने जोर देऊन उभे व्हायचे. नाही तर माणूस उठता उठता पुन्हा घसरू लागतो. मग आडव्या पावलांनी थोडे वर चढायचे आणि अगदी चार-पाच मीटर सरळ घसरायचे, जिथे उतार आपोआप संपतो तिथवर. आणि मग सगळ्यात मोठी गोष्ट, थांबणे. पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची लांब केली की पायांखाली तिकोन तयार होतो. टाचा बाहेर ढकलल्या की पट्ट्यांच्या आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मरतो. लहान मुलांना उस्ताद सांगतात, पिझ्झाचा तुकडा कर. थांबता आले की वळता येते, कारण त्याच तिकोनात एका पायावर जास्त भार दिला की माणूस उलट्या बाजूला वळतो. उजव्या पायावर जोर, डावीकडे वळण. पहिल्या दिवशी एवढे झाले तर दिवस सार्थकी लागला.

आणि जो म्हणतो, काळजी करू नका, आधी गोंडोलाने वर जाऊ, तिथून मजा येते, त्याला सलाम करून पुढे निघा. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदुरीपर्यंत, सुमारे 3,050 मीटर. दुसरा अफरवतकडे, सुमारे 3,950 मीटर. ज्याला थांबता येत नाही त्याला तिथे नेणे म्हणजे ज्याला ब्रेक माहीत नाही त्याच्या हाती बर्डीच्या गर्दीत स्कूटर देणे. वर जाऊन बर्फ पाहायचा असेल तर जरूर जा, तिकीट आधी ऑनलाइन काढा, पण पट्ट्या खालीच ठेवा. नवशिक्याला पहिल्या दोन दिवसांत गोंडोलाची गरजच नसते.

वरच्या भागाचा धोका खरा आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवतच्या बाजूला हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू गेले. फेब्रुवारी 2024 मध्ये एक रशियन गेला. ती सगळी तयारीची माणसे होती, आखलेल्या उतारांच्या बाहेरच्या बर्फात. आखलेल्या, मंद उतारावर शिकणाऱ्या कुटुंबाला हा धोका नाही, पण मोठ्या मुलाला चौथ्या दिवशी जोम येतो आणि तो दोरीपलीकडे पाहू लागतो. त्याला हे आधीच सांगून ठेवा.

कुटुंबे आणखी एका गोष्टीत हमखास पैसे वाया घालवतात. पाच जणांसाठी एक उस्ताद ठरवतात. स्वस्त पडते म्हणून. मग काय होते? चौदा वर्षांची मुलगी वीस मिनिटांत घसरू लागते आणि कंटाळते. सहा वर्षांचा मुलगा रडतो. अब्बूंचे वजन जास्त, ते पडले की दोघांनी मिळून उठवावे लागते. अम्मी सगळ्यांकडे लक्ष ठेवण्यात स्वतःची पाळीच घेत नाही. तासाभरात उस्ताद फक्त माणसे उचलत राहतो आणि बाकीचे चार जण थंडीत उभे. घराची वाटणी नात्याने करू नका, वेगाने करा. दोन लहान मुलांचा एक तास वेगळा, तोही सकाळचा आणि दीड तासापेक्षा जास्त नाही, कारण लहान मूल थकले की शिकत नाही, फक्त गारठते. लहानांच्या हातात काठ्याही देऊ नयेत. त्यांना त्या लागत नाहीत, उलट एकमेकांना टोचतात. मोठी मुलगी आणि मोठा मुलगा एकत्र. आणि नवशिक्यांच्या कोणत्याही गटात सहा-सातपेक्षा जास्त माणसे असली तर ती शिकवणी नाही, मिरवणूक आहे.

नवऱ्याने बायकोला शिकवू नये, हे आम्ही वेगळे लिहीत नाही. ज्यांनी कार शिकवून पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे.

आता बायका-मुलींचे. खेळ म्हणून पाहिले तर स्की आपल्या मुलींसाठी फार अवघड नाही. या खेळात अंग जितके झाकलेले असते तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या खेळात असते: ढगळ पँट, मांडीपर्यंत येणारे जाड जाकीट, हातमोजे, डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर हेल्मेट. अडचण कपड्यांच्या तपशिलात आहे. पिना लावून बांधलेला दुपट्टा किंवा हिजाब घालून बर्फावर जाऊ नका. पडल्यावर पिन टोचते आणि हेल्मेट नीट बसत नाही. त्याऐवजी डोके आणि मान झाकणारी पातळ, शिवलेली, ताणली जाणारी टोपी हेल्मेटखाली घाला. दुचाकीवर मुली घालतात तशी. स्कार्फची टोके मोकळी नकोत, ती वर ओढणाऱ्या लिफ्टच्या दोरीत अडकू शकतात. पायघोळ अबाया पट्टीखाली येतो, म्हणून गुडघ्याच्या वर थांबणारा कुर्ता जाकिटाखाली पुरे. जाकीट भाड्याने घेताना एक माप मोठे मागा, ते लांबही असते आणि आतल्या थरांना जागाही देते.

महिला प्रशिक्षक मिळेल का, हे निघण्याआधी फोनवर विचारा, तिथे पोहोचून नाही. नाही मिळाली तर वयाने मोठा, भला उस्ताद घ्या आणि सुरुवातीलाच साफ सांगा की हात धरून उठवू नका. यात संकोच कसला? काश्मीरचा उस्ताद ही गोष्ट एका वाक्यात समजतो. तो काठीचे एक टोक पुढे करतो, शिकणारी दुसरे टोक धरते आणि काम होते. शिकवण्याचे नव्वद टक्के काम तोंडाने आणि स्वतः करून दाखवण्याने होते. आणखी चांगला मार्ग म्हणजे एकाच गल्लीतल्या चार-पाच जणींनी मिळून एक वर्ग घ्यावा. खर्च वाटला जातो, लाज वाटली जाते, आणि एक पडली की बाकीच्या हसतात. त्या हसण्याने जितके शिकून होते तितके उस्तादाच्या ओरडण्याने होत नाही. त्या वेळी मुले अब्बूंकडे. आणि हा वर्ग सकाळी दहाचा ठेवा, दुपारी साडेतीनचा नाही. सकाळी अंगात जोर असतो आणि उतारावर गर्दी कमी. घराघरांत उरलेली वेळ बायकांना देण्याची जी रीत आहे ती बर्फावर तरी नको.

बुटांबद्दल थोडे जास्त लिहावे लागेल, कारण शिकवणी बिघडते ती बहुधा बुटांनीच. स्कीचा बूट कडक असतो, घोट्यात वाकत नाही. तो आपल्या नेहमीच्या बुटासारखा सैल घ्यायचा नाही. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढच्या भिंतीला हलकेच टेकावीत, गुडघे पुढे झुकवले की बोटे सुटावीत आणि टाच जागेवरून हलू नये. दोन-तीन मोजे घालण्याचा मोह होतो, तो टाळा. मोज्याच्या घड्या टोचतात, रक्त थांबते आणि पाय अधिकच गार पडतात. एकच लांब लोकरी मोजा, घडी न पडू देता. बूट आणि पट्टी यांना जोडणारा जो खटका असतो तो तुमच्या वजनाप्रमाणे लावून घ्या. पडल्यावर तो सुटला पाहिजे. न सुटला तर पट्टी पायासकट वळते आणि गुडघा मुरगळतो. अर्ध्या तासाच्या फेरीवाल्याकडे हा खटका कोणाच्या वजनाचा लावलेला आहे हे कुणी पाहत नाही. तिथे हेल्मेटही नसते. लहान मुलाला हेल्मेटशिवाय पट्ट्यांवर उभे करू नका, मग उस्ताद कितीही हसो. गॉगलही शोभेसाठी नाही, बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे लाल होऊन रात्रभर झोंबतात.

याच कडक बुटांमुळे नमाजचाही विचार आधीच करावा लागतो. त्या बुटात सजदा होत नाही. काढायला आणि घालायला नवशिक्याला दहा-दहा मिनिटे लागतात. म्हणून सकाळी वुजू करूनच बूट चढवा आणि वर्ग जुहरच्या आधी संपेल असा ठरवा. मोज्यांवर मसह करण्याची सवलत प्रवाशाला तीन दिवस-रात्र आहे, पण आपल्या बहुतेक हनफी आलिमांच्या मते ती साध्या लोकरी मोज्यांना लागू होत नाही. चामडी मोजे मात्र स्कीच्या बुटात बसत नाहीत. तेव्हा निघण्याआधी मशिदीच्या मौलानांना विचारून घ्या, आणि थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा. जानेवारीत तिथे असर आणि मगरिब फार लवकर येतात, दुपारचा वर्ग घेतला तर दोन्ही वेळा धावपळ होते.

रमजानचेही पाहावे लागते. सध्या तो फेब्रुवारीच्या सुमारास येतो आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आहे. म्हणजे पुढची काही वर्षे बर्फाचा मोसम आणि रोजे एकमेकांत येणार. प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे हे खरे, पण तुमचा उस्ताद आपल्याच गावात असतो, तो रोज्याने असेल. त्याला दिवसभर उचलाउचल करायला लावणे आम्हाला बरे वाटत नाही. रमजानच्या आधीची तारीख धरा.

मग कोणती? काश्मिरात 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ले कलान, मग वीस दिवस चिल्ले खुर्द, मग दहा दिवस चिल्ले बच्चा असा थंडीचा हिशेब असतो. पूर्वी डिसेंबरअखेर बर्फ पक्का धरता यायचा. आता नाही. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गची कुरणे तपकिरी पडली होती. 2025 मध्ये बर्फ कमी म्हणून खेलो इंडियाचे हिवाळी खेळ फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. नाताळच्या सुट्टीत शिकायला जाणे म्हणून जोखमीचे. दुसरीकडे आपल्या बोर्डाच्या बारावीच्या आणि दहावीच्या परीक्षा फेब्रुवारीत सुरू होतात. घरात दहावी-बारावीचे कोणी नसेल तर जानेवारीचा उत्तरार्ध, 26 जानेवारीच्या सुट्टीला दोन-तीन रजा जोडून, हाच आम्हाला सगळ्यात बरा वाटतो. शाळेला पत्र द्यावे लागेल, द्या. आगाऊ पैसे भरताना बर्फ नसेल तर काय, हेही विचारून घ्या.

पैशांची बोलणी पहिल्याच भेटीत, सगळ्यांसमोर करा. किती तास, किती माणसे, बूट-पट्ट्या-काठ्या-हेल्मेट त्यात आहेत की वेगळे, लिफ्टचे तिकीट कोणी काढायचे. मजुरी आधी ठरवावी आणि काम झाल्यावर रखडवू नये, हे आपल्याला दीननेच शिकवले आहे. नंतर घासाघीस केली की उस्तादाचेही मन उडते. चहापाणी वेगळे द्यायचे असेल तर तुमच्या खुशीने.

तब्येतीकडे दुर्लक्ष नको. नागपूरहून विमानाने दिल्ली, तिथून श्रीनगर, मग सुमारे 50 किलोमीटर रस्ता, म्हणजे एकाच दिवसात माणूस अडीच हजार मीटर वर पोहोचतो. पहिल्या दिवशी डोके दुखते, भूक लागत नाही. तो दिवस शिकवणीला देऊ नका, गावात हळूहळू चाला, पाणी प्या. रेल्वेने जायचे तर नागपूरवरून कटऱ्याकडे गाड्या जातात आणि जून 2025 पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावते. वेळ लागतो, पण शरीराला सवय होत जाते. बर्फ जास्त पडला की टंगमर्गनंतर साखळ्या लावलेल्या गाडीत बसावे लागते. साखरेचा आजार असलेल्यांनी इन्शुलिन अंगाजवळच्या खिशात ठेवावे, ते गोठले की निकामी. गरोदर बहिणींनी पट्ट्या बांधू नयेत. प्रवासाचा विमा काढताना त्यात हिवाळी खेळ येतात का ते वाचा, बऱ्याच विम्यांत ते वगळलेले असतात. आणि 22 एप्रिल 2025 च्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मिरातली अनेक पर्यटनस्थळे बंद करून पुढे टप्प्याटप्प्याने उघडली गेली, म्हणून निघण्याच्या आठवड्यात प्रशासनाच्या ताज्या सूचना पाहूनच निघा.

औली उतारांसाठी सुंदर आहे, पण जानेवारी 2023 मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथला रोपवे बंद झाला आणि वर जायला रस्त्यावरच भिस्त आली. लहान मुले असतील तर आम्ही औली सुचवणार नाही. सोलंगला गर्दी फार, फेरीवालेही फार. तिथे संस्थेच्या वर्गाखेरीज शिकण्यात अर्थ नाही. मुंबईतल्या बर्फघरात मुलांना बर्फ दाखवता येतो, शिकवणी होत नाही.

ज्यांचे भाऊ, मामू दुबईला आहेत त्यांना मात्र एक वेगळी सोय आहे. कोकणातल्या आमच्या वाचकांत अशी घरे पुष्कळ. तिथे मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये 2005 पासून छताखाली बर्फाचा उतार आहे, सर्वांत लांब उतार 400 मीटर. बाहेर चाळीस अंश असो, आत शून्याखाली. तिथला नियम आम्हाला फार आवडतो: वेग आवरता येतो, वळता येते, थांबता येते, हे ज्याला येत नाही त्याला उतारावर सोडत नाहीत, आधी शिकवणी घ्यावी लागते. उंचीचा त्रास नाही, बर्फ पडेल की नाही ही चिंता नाही. ईदच्या भेटीला जाणाऱ्या कुटुंबाने मुलांना दोन वर्ग तिथे दिले तर पुढे गुलमर्गचे दोन दिवस वाचतात. निव्वळ स्कीसाठी दुबईला जा, असे आम्ही म्हणणार नाही.

सक्करदऱ्यात बसून काय तयारी करता येईल? पुष्कळ. महिनाभर आधी रोज रेशीमबाग मैदानावर अर्धा तास झपझप चाला, अम्मीसुद्धा. घरी जिना चढ-उतर करा. भिंतीला पाठ टेकून, खुर्चीवर बसल्यासारखे, पण खुर्चीशिवाय, आधी वीस सेकंद, मग मिनिटभर थांबा. मांड्या थरथरतील, बर्फावर त्याच थरथरणार आहेत. ज्या मुलांना चाकांचे स्केटिंग येते ती बर्फावर लवकर तरतात, कारण भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यायची त्यांना सवय असते. गरम कपड्यांसाठी महागडी खरेदी नको. आतले थर, मोजे, टोपी इथल्या बुधवार बाजारातून घ्या. बाहेरचे जाकीट, पँट, बूट तिथे भाड्याने मिळतात.

जानेवारीत जायचे असेल तर संस्थांच्या तुकड्यांची चौकशी दिवाळीच्या सुमारास करावी लागते. मुलींसाठी निवासाची सोय वेगळी आहे का, हे त्याच फोनमध्ये विचारा. खासगी उस्ताद ठरवायचा असेल तर हॉटेलवाल्याला त्याचे नाव विचारू नका, गेल्या वर्षी जाऊन आलेल्या तुमच्या ओळखीच्या घराला विचारा, आणि त्या घरातल्या बाईंना विचारा. त्या दिवशी त्या शिकल्या की शाली धरून उभ्या होत्या, हे त्याच सांगतील.